मरून ठिपका, नारिंगी ठिपका

१

"बाबांच्या मिशा तेवढ्या दिसताहेत," नाटकवाल्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोटोंचा गठ्ठा काउंटरवर पसरला.

मी एकेक उचलून उजेडात धरला. ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. काळ्याकुट्ट कागदावर पांढऱ्याशुभ्र मिशांची एक जोडी कधी डावीकडे, कधी मधोमध, एका फोटोत तर चक्क हवेत तरंगत होती. त्या मिशांमागे ताईंचे वडील होते, वडिलांमागे राजवाडा होता, राजवाड्यात पंधरा-वीस माणसं होती. सगळी अंधारात गडप!

"बाबांचा रंगमंचावरचा निरोपाचा प्रयोग होता हो," ताई म्हणाल्या. "कॅमेरा तुमच्याकडून आदल्याच दिवशी नेला होता. मामांनी स्वतः 'एकदम ओके' म्हणून हातात दिला होता."

आतल्या टेबलापाशी मामा उभा होता. त्याने फोटो पाहिले, कॅमेरा हातात घेतला. एरवी तक्रार आली की मामा गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालतो, सेलची, फिल्मची, प्रसंगी गिऱ्हाइकाच्या जावयाचीही चूक काढतो. आज त्याने नुसती मान डोलावली.

"चूक माझीच आहे, ताई," तो म्हणाला. "हा पहिला नाही. या दोन-तीन महिन्यांत असे बरेच परत आले. माझा हात गेला."

मग माझ्याकडे वळून, भाजी आणायला सांगावी तितक्या सहज म्हणाला, "शनिवारी समोरच्या दुकानवाल्याला बोलाव. माझी हत्यारं त्याला देऊन टाकतो. दुकान बंद."

२

आमचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काउंटर, तो माझा. मागे खिडकीखाली टेबल, ते मामाचं. जुने फिल्मचे कॅमेरे, त्यातही ज्यांचं शटर घड्याळासारख्या दातेरी चाकांवर नाही तर विजेवर चालतं असे, हा मामाचा प्रांत. इतर कारागीर असले कॅमेरे पाहिले की हात जोडतात. मामा मात्र कागदासारख्या पातळ सर्किटवर डाग देताना गुणगुणत असतो.

भिंतीवर एक फळी आहे, तिला आम्ही 'तयार फळी' म्हणतो. दुरुस्त झालेला कॅमेरा गिऱ्हाईक येईपर्यंत तिच्यावर बसून राहतो. त्याहून वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. तो मामा रोज पुसतो, पण उघडत कधी नाही. मी लहानपणी एकदा हात लावला होता तर ओरडला होता.

टेबलाशी एकच खुर्ची आहे आणि ती उस्तादांची. उस्ताद म्हणजे मामाचे गुरू. हातातलं काम सोडून त्यांना कैक वर्षं झाली, तरी रोज दुपारी येतात आणि खुर्चीत बसतात. ते असले की मामा उभ्याने काम करतो. गुरूसमोर बसायचं नाही, हा त्याचा नेम, मग पायांचे खांब होवोत. आम्ही जेवायला घरी गेलो की दुकानाची राखण उस्तादच करतात. परवापरवापर्यंत ही राखण म्हणजे नुसता विनोद होता, कारण त्यांना दारात हत्ती आला तरी दिसला नसता. अलीकडे मोतीबिंदू काढल्यापासून स्वारी खुशीत आहे. चष्म्याची काडी सैल झाली होती तर स्वतःच स्क्रू आवळला आणि वर नारिंगी ठिपकाही लावला. मी म्हटलं, "उस्ताद, चष्म्याला गोवर आलाय," तर केवढे हसले. मग खिशातली हृदयाच्या गोळ्यांची बाटली खुळखुळवत म्हणाले, "पोरी, हिच्या जोरावर मी अजून वीस वर्षं तुला त्रास देणार!"

तर अशा या सुखी संसारात मामाने बाँब टाकला, आणि तो नेमका मामीच्या सुट्टीच्या दिवशी. मामी रंगाच्या दुकानात कामाला आहे. लोक उडालेला पोपडा, कुर्त्याचा तुकडा, काहीही घेऊन येतात आणि मामी डोळ्यांनी बघून हुबेहूब तो रंग कालवून देते. तिला मी फोन केला. ती पायात दोन वेगळ्या चपला घालून धावत आली.

"हात गेला म्हणजे? कुठे गेला?" मामी कडाडली. "काल सुईत दोरा ओवून दिलात मला."

"सुई वेगळी," मामा म्हणाला. "कॅमेऱ्याच्या पोटात उजेड मोजणारा मीटर असतो, तो लावायचा एवढासा स्क्रू म्हणजे ट्रिमर. केसभर इकडे फिरवला तर फोटो पांढरा, केसभर तिकडे तर काळा. मला वाटतं मी बरोबर लावला, आणि तो चुकलेला असतो. त्यातही नव्या, मोठ्या सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांतला एकही परत आला नाही. ही जुनी पोरंच माझ्यावर रुसलीत."

"दाखवा तो ट्रिमर."

मामाने ताईंच्या कॅमेऱ्याची खालची पत्री उघडली. ट्रिमर जागेवरून हलू नये म्हणून मामा त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतो. बाटली अर्थातच मामीची, तिच्या लग्नातल्या रंगाची. मामीने भिंग घेतलं, वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"अहो, हा रंग कोणता?"

"लाल."

"कप्पाळ! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या माणसाला अजून रंग कळत नाहीत." मामाला खरंच लाल, हिरवा, नारिंगी सगळं एकच दिसतं. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टेसुद्धा मी वाचून सांगते. मामीने भिंग माझ्या हातात दिलं. "तू बघ. माझी बाटली मरून. आणि हा?"

ठिपका नारिंगी होता. त्याच्या कडेला, नीट पाहिलं तर, खरवडलेल्या मरूनची बारीक किनार दिसत होती.

"यांनी लावला तो मरून," मामी हळूच म्हणाली. "मग कुणीतरी तो खरवडला, ट्रिमर फिरवला आणि वर नारिंगी लावला. मामाचा हात कुठे गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात या दुकानात आलाय."

३

मामाने यावर विश्वास ठेवला नाही. "माझी समजूत काढू नका," एवढंच म्हणाला आणि पत्री लावून टाकली. मामीने मला बाहेर ओढलं.

"शनिवारपर्यंत चोर सापडला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर हा माणूस घरी बसेल आणि माझा मिक्सर दर आठवड्याला दुरुस्त करेल. मी वेडी होईन."

हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. माझेही भरले. टेबलाशिवाय मामा म्हणजे काय, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

संशयित क्रमांक एक, कपाटवाले. जुने कॅमेरे जमवणारे हे गृहस्थ घरात कपाटांच्या मधून आडवे होऊन चालतात म्हणे. आमच्याकडच्या सुट्या भागांवर त्यांचा कधीचा डोळा. दुकान बंद झालं तर सगळा माल त्यांच्या कपाटात. शिवाय भरदुपारी दुकानात डोकावायची खोड.

मामी मला घेऊन त्यांच्या घरी गेली ती थेट कामाचं बोलली. "मला एका कॅमेऱ्याची खालची पत्री उघडून दाखवता?"

कपाटवाले खूश झाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दाबला, तो सटकला, परत दाबला, परत सटकला. शेवटी स्क्रूचं डोकं सपाट झालं आणि पत्री तशीच राहिली. त्यांच्या कपाटातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे स्क्रू उंदराने कुरतडल्यासारखे होते.

"ताईंच्या कॅमेऱ्याचे स्क्रू कसे होते?" बाहेर आल्यावर मामीने विचारलं.

"कोरे करकरीत."

"मग हा नव्हे. ज्याने उघडला त्याचा हात शिकलेला आहे."

शिकलेला हात म्हटल्यावर संशयित क्रमांक दोन आपोआपच आला. समोरचे काका. रस्त्याच्या पलीकडे त्यांचं दुकान. ते आणि मामा एकाच वेळी उस्तादांकडे शिकले, एकाच वेळी भांडले आणि तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, म्हणजे दिवसभर काचेतून एकमेकांकडेच पाहत असतात. उस्तादांनी रोज मामाकडे बसायचं ठरवलं, हे त्यांना अजून पचलेलं नाही.

"वहिनी, मला माहितेय तुम्ही का आलात," काका म्हणाले. "मी नाही. आणि हत्यारंही नकोत मला. तो बंद झाला तर मी भांडू कुणाशी?"

मामीची नजर त्यांच्या टेबलावर फिरत होती. "तुम्ही ट्रिमरवर काय लावता?"

"लाख. पिवळी. नेलपॉलिश लावायला माझं लग्न कुठे झालंय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? परत आलेले सगळे काळेच होते? एकही पांढरा नाही?"

"सगळे काळे. आणि सगळे सारखेच काळे," मी म्हणाले.

"मग हा बिघाड नव्हे. ज्याला बिघडवायचंय तो कसाही पिळेल, एखादा इकडे, एखादा तिकडे. हा माणूस दर वेळी तेवढंच फिरवतो. वहिनी, तुमचा चोर कॅमेरा बिघडवत नाहीये. तो बरोबर लावतोय. त्याच्या मते!"

मामीने तरातरा रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "बिघडवणारा ठिपका परत लावत बसेल का गं? हे काम प्रेमाने केलंय."

४

दुसऱ्या दिवशी मामीने रजा टाकली, हिरव्या नेलपॉलिशची बाटली आणली, मामाची मरून बाटली रिकामी करून तिच्यात हिरवा भरला आणि जागेवर ठेवून दिली. मामाने सकाळी एक जुना कॅमेरा दुरुस्त केला, ट्रिमर लावला, वर पोपटी हिरवा ठिपका टाकला आणि समाधानाने फुंकर मारली. मी तोंडात रुमाल कोंबून हसू दाबलं. कॅमेरा तयार फळीवर गेला.

दुपारी उस्ताद आले. मामीने जाता जाता विचारलं, "उस्ताद, आम्ही नसताना इथे कोण कोण येतं हो?"

"मी असताना कोण येईल?" उस्ताद ऐटीत म्हणाले. "त्या कपाटवाल्यालासुद्धा मी दारातूनच पिटाळतो. माशी शिरत नाही."

जेवून परत आलो. मामा पान आणायला कोपऱ्यावर थांबला, उस्ताद घरी निघाले होते. मामीने दार लोटलं, मी पत्री उघडली.

नारिंगी!

माशीसुद्धा शिरली नव्हती, हे साक्षीदारानेच सांगितलं होतं. चष्म्याच्या काडीवरचा तो ठिपका माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"उस्ताद? पण का?" मी म्हणाले. "मामा त्यांच्यासाठी अर्धं आयुष्य उभा राहिलाय."

"तेच तर कळायला हवं. नुसतं नाव सांगून काय उपयोग? हात गेला हे दुःख परवडलं, गुरूने दगा दिला हे तुझ्या मामाला सोसायचं नाही." मामीने पदर खोचला. "चल, त्यांच्या सुनेकडे."

उस्तादांच्या सूनबाईने दार उघडलं. दाराच्या कडीवर तिची बोटं होती आणि नखं नारिंगी होती. नेलपॉलिशची बाटली वरचेवर गायब होते, अशी तक्रारही तिने आपणहून केली. मामीने सहज म्हणून विचारलं, "आणि उस्तादांचं हृदय कसंय? त्या गोळ्या चालू आहेत ना?"

सूनबाई गोंधळली. "गोळ्या? बाबांना कसल्याच गोळ्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, हृदय घोड्याचं आहे."

जिना उतरताना मामी मध्येच थांबली. "मी त्यांना गोळीसाठी पाणी मागताना कधी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "आणि ती बाटली गोळ्यांसारखी वाजतही नाही. धातूसारखी वाजते."

५

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरचे काका दारात अवघडून उभे, कपाटवाले सुट्या भागांच्या खणावर नजर रोखून, नाटकवाल्या ताई वडिलांना घेऊन आलेल्या. फोटोतल्या मिशा प्रत्यक्षात आणखी भारदस्त होत्या. उस्ताद खुर्चीत. मामाने हत्यारांची पेटी पुसून काउंटरवर ठेवली. त्याचे हात जराही थरथरत नव्हते, हे मी मुद्दाम पाहिलं.

"आधी चहा," मामी म्हणाली. सगळ्यांच्या हातात कप गेल्यावर तिने तयार फळीवरून कालचा कॅमेरा उचलला आणि उस्तादांसमोर ठेवला. "उस्ताद, जाता जाता शेवटचं एक काम. हा बरोबर लावलाय का, तेवढं बघून द्या."

उस्तादांनी कप खाली ठेवला. मामाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "आत्ता? इतक्या लोकांसमोर?"

"लोकांसमोरच."

"नको," उस्ताद म्हणाले. "त्याची अब्रू आहे."

"कुणाची?" मामाने विचारलं.

"तुझी रे! आणखी कुणाची?" उस्ताद चिडून म्हणाले. "डोळे आल्यावर हौसेने तुझं काम बघायला घेतलं. पहिलाच कॅमेरा चुकलेला. दुसरा चुकलेला. म्हटलं, पोराचा हात गेला. आता हे त्याला सांगायचं कसं? म्हणून तू जेवायला गेलास की मी गुपचूप बरोबर करून ठेवायचो. मी जिवंत असेपर्यंत तुझ्या नावाला बट्टा लागू देणार नव्हतो."

मामीने हात पुढे केला. "उस्ताद, तुमच्या हृदयाच्या गोळ्या द्या."

उस्तादांनी मुकाट्याने बाटली काढून दिली. मामीने ती काउंटरवर उलटी केली. बटणाएवढे चकचकीत सेल घरंगळत गेले. एक कपाटवाल्यांनी झडप घालून पकडला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. "पाऱ्याचे! हे बनायचे बंद होऊन जमाना झाला!"

"अस्सल माल," उस्ताद म्हणाले. "मीटर याच्यावर लावायचा."

"आणि गिऱ्हाईक कोणता सेल घालतं?" मामी म्हणाली. "दुकानात मिळतो तो. नव्या सेलचा जोर जुन्यापेक्षा थोडा जास्त, हे जेवताना यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. जोर वाढला की मीटरला वाटतं, वा, काय उजेड आहे! शटर घाईने बंद होतं आणि फोटो काळा. म्हणून हे प्रत्येक जुना कॅमेरा नव्या सेलवर लावतात. तुम्ही तो जुन्यावर तपासलात, तुम्हाला चुकलेला दिसला, तुम्ही फिरवलात. म्हणून सगळे काळे, सगळे तेवढेच काळे, आणि तेही जुन्या सेलचेच. ज्यांना हे सेल कधी बसलेच नाहीत त्यांना तुम्ही हातच लावला नाही. हात दोघांचेही शाबूत आहेत. सेल वेगळे आहेत."

"असं कसं?" उस्ताद ताडकन म्हणाले. "मी निवृत्त होताना याला डबाभर सेल दिले होते! हा गिऱ्हाइकांना त्यातलेच देतो ना?"

मामाने वर पाहिलं. मग हात उंचावून त्याने तो पत्र्याचा डबा काढला, ज्याला हात लावल्याबद्दल मी ओरडा खाल्ला होता, आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"केव्हाच संपले, उस्ताद," मामा म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, जन्मभर पुरतील. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. डबा तेवढा पुसत राहिलो."

उस्तादांनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. "म्हणजे मी तुला झाकत होतो," ते म्हणाले, "आणि तू मला."

"हो."

"आणि या बाईचे बाबा त्यात काळे झाले."

पहिलं हसू फुटलं ते खुद्द बाबांना. "अहो, माझं काही बिघडलं नाही!" मिशांवरून बोट फिरवत ते गरजले. "उलट निरोपाचा प्रयोग परत करायला कारण मिळालं. मी तर कालच नाट्यगृह ठरवलं." ताईंनी कपाळाला हात लावला, पण त्याही हसत होत्या. समोरच्या काकांनी हत्यारांची पेटी मामाकडे ढकलली. "उचल ही. सोमवारपासून नीट भांडू," ते म्हणाले आणि डोळे पुसत रस्ता ओलांडून गेले.

उस्तादांनी काउंटरवरचे सेल एकेक करून गोळा केले. कपाटवाल्यांच्या मुठीतलासुद्धा सोडवून घेतला. सगळे त्या डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा मामाच्या हातात दिला. मग खुर्चीचा दांडा धरून उठले, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल ओढून त्यावर बसले आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस."

"उस्ताद, मी उभाच बरा—"

"बस म्हणतो ना! शिकवणाऱ्याने उभं राहायचं नसतं." त्यांनी चष्मा सारखा केला आणि टेबलावर वाकले. "हं. नव्या सेलवर मीटर कसा लावतोस, दाखव मला. आणि हळू दाखव. मी नवीन आहे."

मामा खुर्चीत बसला. उस्तादांसमोर, इतक्या वर्षांत प्रथमच. त्याने पत्री उघडली, ट्रिमर केसभर फिरवला, उस्तादांनी "अस्सं!" म्हटलं, आणि मामाने डोळे पुसून बाटलीतला थेंब वर टाकला.

"हे काय रे," उस्ताद म्हणाले, "कालही हाच दिसला. तू हिरवा कधीपासून लावायला लागलास?"

मामाने बाटलीकडे पाहिलं, मग मामीकडे.

"लालच आहे," तो ठामपणे म्हणाला.